थोरली हेरेनिया

हेरेनियस घराण्याचा इतिहास विचारला की म्हातारा गायस एकच गोष्ट सांगायचा. उमरावांच्या जाचाला कंटाळून सामान्य माणसं रोम सोडून टेकडीवर जाऊन बसली, तेव्हा आपला पूर्वज त्यांच्यात होता. तिथं त्यानं काय पराक्रम केला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बसला असेल. रुसून बसणं मात्र घराण्यात पिढ्यान् पिढ्या टिकलं.

नावांच्या बाबतीत तर हे घर भलतंच चिक्कू. मुलगा झाला तर गायस, नाहीतर लुसियस. मुलींना तेवढंही नाही. घराण्याचं नाव तेच मुलीचं. म्हाताऱ्याला तीन मुली झाल्या आणि तिघीही हेरेनिया. हाक मारताना थोरली, दुसरी, तिसरी.

थोरली बाळंतपणात गेली, दुसरी तापानं. तिसरी लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी परतली, तिनं बापाचं म्हातारपण काढलं, आणि मग बापही गेला. आधीच्या दोघी नसल्या तरी ती तिसरीच राहिली. पाववाला तिसरी म्हणे, शेजारीण तिसरी म्हणे. कित्येक दिवस तर तेही कुणी म्हणत नसे. मग आमटीत मीठ जास्त पडल्याचं ती देव्हाऱ्यातल्या देवांनाच सांगायची. आपल्यामागे या घराच्या थडग्यावर फुलं कोण वाहणार, या विचारानं तिचा जीव खालीवर व्हायचा.

घराण्याचं नाव चालवत होता तो डामास. हा तिच्या बापाचा गुलाम. त्यांच्या कपडे धुण्याच्या कारखान्यात हौदात उभा राहून कपडे तुडवायचा. बापानं त्याला मुक्त केलं आणि रिवाजाप्रमाणं त्याला धन्याचं नाव मिळालं: गायस हेरेनियस डामास. रक्ताची मी, आणि नाव पुढं नेणार हा! तिसरीच्या मनात हे कायम सलत होतं. बापाला अग्नी दिल्यापासून ती त्याच्याशी धड बोललीच नव्हती.

एका सकाळी तोच दारात उभा राहिला. त्याला मुलगी झाली होती.

“तिसऱ्या बाई, उद्या आठवा दिवस. नाव ठेवायचंय. तुम्ही आलात तर बरं होईल.”

“माझ्यावाचून काय अडलंय? नाव तर तुम्ही घेऊनच बसलाय.”

“तुमच्याच घरचं आहे ते,” डामास खाली बघत म्हणाला आणि गेला.

जायचं नाही असं ठरवून दुसऱ्या दिवशी ती मधाच्या वड्या घेऊन गेली. सगळी डामासची माणसं, ओळखीचं कुणी नाही. ती कोपऱ्यातल्या बाकावर टेकली. बायका बाळाला न्हाऊ घालत होत्या, गप्पा रंगल्या होत्या, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. उगाच आलो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात आतून हाक आली, “हेरेनिया, ये गं. ये माझ्याकडे.”

ती चटकन उठली. पदर सारखा केला आणि चार पावलं पुढं गेली. अशी नावानं हाक तिला जन्मात कुणी मारली नव्हती, बापानंसुद्धा नाही. आत डामासची बायको मिर्टाले सुइणीच्या हातून बाळ घेत होती. हाक बाळाला होती.

कुणीतरी फिसकन हसलं. तिसरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डामास हसला नाही. त्यानं बाळ उचललं आणि तिच्या हातात दिलं.

“बसा, थोरल्या बाई,” तो म्हणाला. “आता दोघी झालात. ही धाकटी.”

परतताना ती रस्त्याकडेला असलेल्या आपल्या घराण्याच्या थडग्यापाशी थांबली. वड्यांतली एक उरली होती, ती तिनं दगडावर ठेवली.

“थोरले, रागावू नकोस,” ती म्हणाली. “आज मी तुझी जागा घेतली.”

बहिणी गेल्या, बाप गेला, तेव्हा घर तिलाच आवरायचं होतं, रडायचं राहूनच गेलं होतं. आता ती तिथंच बसली आणि रडली.