चिंचेच्या फाट्यावर राहिलेली माणसं

सावळाराम तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २००८ साली, जुन्नर ते मंचर बसगाड्यांसाठी वेगळी मार्गिका करायचं घाटू लागलं. पुण्याच्या एका कंपनीनं प्रवासी मोजायला माणसं नेमली. जुन्नरच्या कापडवाल्या मिश्रीलालशेठचा पारस त्या कंपनीत इंजिनिअर होता. त्यानं सावळारामांना नारायणगावच्या अलीकडं चिंचेच्या फाट्यावर बसवलं. तक्त्यात रकाने दोनच होते, चढले आणि उतरले.

पहिल्याच सकाळी चौदा गाड्या गेल्या. सगळ्या जुन्नरहूनच गच्च भरलेल्या. थांबली एकच, तीन पोरं तिच्या दाराला लोंबकळत गेली. बाकी चौसष्ट माणसं तिथंच. कॉलेजच्या मुली, मजूर बाया, मंचरच्या एका दवाखान्यात झाडलोट करणारी मंगल. सावळारामांनी पट्टीनं तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'राहिले'. ह्याच फाट्यावर त्यांनी स्वतः कितीदा 'जागा नाही' म्हणत घंटी मारली होती. त्या दिवशी ते फार लागलं.

कॉम्प्युटर दोनच आकडे घेतो, पण साहेबांना सांगून बघतो, असं पारस तक्ता बघून म्हणाला.

सहा महिन्यांनी जुन्नरला सभा झाली. भिंतीवरच्या नकाशात चिंचेचा फाटाच नव्हता. सावळारामांनी उठून विचारलं, तर कंपनीच्या मोठ्या साहेबानं कागद चाळला. "तिथं सकाळभरात तीन प्रवासी चढतात. तेवढ्यावर थांबा देता येत नाही."

"गाडी थांबलीच न्हाई, तर चढतील कशात?"

"काका, आम्ही आकड्यांवर चालतो."

"मग चौसष्ट हा पण आकडाच हाय की. माझ्या हातानं लिवलाय."

साहेबानं पारसकडं पाहिलं. पारस खाली मान घालून म्हणाला की, आकडे भरून झाल्यावर कागद रद्दीत गेले. मागं कुणीतरी हसलं आणि सभा पुढच्या विषयाकडं वळली.

दुसऱ्या दिवसापासून सावळाराम आपणहून फाट्यावर बसू लागले. मंगल म्हणाली, "बाबा, लिवून गाडी येती व्हय?" सव्वीस दिवस त्यांनी मोजलं. मग ते आकडे जोडून थांब्यासाठी अर्ज केला, पुण्याला तीन खेपा घातल्या. दर खेपेला फाईल दुसऱ्याच टेबलावर असायची.

दीड वर्षानं पारसचा फोन आला. सगळी योजनाच बारगळली होती. कारण दिलं होतं, पुरेसे प्रवासी नाहीत. "काका, मी तेव्हाच जोर लावायला पाहिजे होता," तो म्हणाला. सावळारामांनी फोन ठेवून दिला.

आता मार्गिका राहू दे, सकाळी सातची एक रिकामी गाडी तरी फाट्यावरून सोडा, एवढंच मागायला ते एस.टी.च्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं बसायला सांगितलं, चहाही मागवला. सगळं ऐकून घेतलं.

"मागणी रास्त आहे," तो म्हणाला. "फक्त अर्जाला त्या कंपनीचा अहवाल जोडा. प्रवासी किती ते त्यात आलंच असेल."

सावळाराम इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागं पडली. ती त्यांनी उचलली नाही. चहाही तसाच राहिला.