परशरामची पाठ

परशरामने वजनकाटा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आपटला. काच फुटून गोठ्यापर्यंत उडाली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून त्याने उरलेला सांगाडा पायाखाली घेतला आणि त्याचा चेंदामेंदा होईपर्यंत तुडवला. टाचेतून रक्त यायला लागले तेव्हा कुठे थांबला.

"झालं?" ओट्यावर बसलेली मालुबाई म्हणाली. "आता उतरलं काय रं वजन?"

"काटा खोटा हाय, आक्का."

"मागचा बी खोटाच हुता. त्यो हिरीत टाकलास."

त्याची बायको रूपाली केरसुणी घेऊन आली आणि नवऱ्याकडे न बघता काचा गोळा करू लागली. या घरात मोडलेल्या वस्तूंबद्दल बोलायची पद्धत नव्हती. राग आला की परशरामच्या हातापुढे जे येईल ते जाई. खुर्ची आली तर खुर्ची, माणूस आले तर माणूस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर अजून सुंभही जळायचा होता.

सांबऱ्याचा परशराम एके काळी नावाजलेला पैलवान. मोठ्या गदा काही त्याच्या नशिबी आल्या नाहीत, बऱ्याच कुस्त्या बरोबरीत सुटल्या. पण खानापूरकडच्या जत्रांपासून निपाणीच्या मैदानापर्यंत कुठल्याही मायच्या लालाने त्याची पाठ मातीला लावली नव्हती. तेवढी एकच पुंजी घेऊन तो बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला लागला, लग्न केले, आणि पोट सुटले तरी तालमीतल्यासारखा छाती काढून चालत राहिला. गावात कुणी वाकड्यात शिरले की तो एवढेच म्हणे, "पाठ लावून दाखीव, मग बोल."

मालुबाई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे म्हशीची धार काढायची ती आणि दूध प्यायचा तो. तिच्या वाट्याला ताक. पुढे तिला गुंजीला दिली. नवरा वारला, मूलबाळ नव्हते, आणि गेल्या वर्षी दोन्ही किडन्या बसल्यावर परशराम तिला आपल्या घरी घेऊन आला. आठवड्यातून दोनदा बेळगावला जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायचे, हेच तिचे जगणे झाले. तपासण्यांमध्ये परशरामची किडनी तिला जुळली, तेव्हा त्याने तिथल्या तिथे शर्ट वर केला आणि डॉक्टर भैरवींना म्हणाला, "काढा. आत्ता काढा."

"एवढ्या वजनाच्या माणसाची काढता येत नाही, पैलवान," त्या म्हणाल्या. "टेबलावर तुमचंच काहीतरी व्हायचं. नव्वद किलोच्या आत या. आणि लवकर या. आक्कांकडे फार दिवस नाहीत."

परशरामला वाटले, हात्तिच्या, घामाचाच तर सवाल! दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याने जोर-बैठका सुरू केल्या. पहिल्या महिन्यात पाच-सहा किलो उतरले आणि मग काटा जो हटून बसला तो बसलाच. परशरामने बैठका दुप्पट केल्या. काटा ढिम्म. तिप्पट केल्या. उलट थोडा पुढेच सरकला. आणि मेहनत झाली की तो तांब्याभर म्हशीचे दूध, वाटलेले बदाम, वर तुपाची धार असा खुराक न चुकता घेत होता. मेहनत करून खुराक चुकवला तर हाडे सुकतात, हे वस्तादांनी मिसरूड फुटायच्या आधी कानात घातलेले. पैलवानाला एक वेळ देव खोटा वाटेल, पण खुराकावर शंका यायची नाही. रूपालीने एकदा भीत भीत विषय काढला, तर तांब्या तिच्या कानाजवळून भिंतीवर गेला.

घरचा काटा फुटला म्हणून तो त्या दिवशी संध्याकाळी बसस्टँडजवळच्या जिममध्ये वजन करायला गेला. जिम सौरवची. गावातलाच पोरगा, हसतमुख, दंडावर गोंदलेले. काट्यावरचा आकडा बघून परशरामच्या मुठी वळल्या.

"आण्णा, राग मानू नका," सौरव म्हणाला. "इतकी वर्सं तुम्ही त्याच जोर-बैठका काढालाय. अंगाला सवय झाल्या. त्याला त्यात कष्टच वाटंनात झाल्यात. आज पळा, उद्या सायकल मारा, परवा हिरीत पोहा. उद्या काय हाय ते अंगाला कळू देऊ नका, मग बघा कसं सुटतंय ते. आणि त्यो दुधाचा तांब्या पयला बंद करा. त्यो खुराक न्हाय, नुसती चरबी हाय."

इथवर बरे होते. पण जिममधली पोरे ऐकत होती, आणि पोरे ऐकायला लागली की बोलणाऱ्याची जीभ सैल सुटते. सौरव हसून म्हणाला, "तालमीचे दिवस गेले आता, आण्णा. पोट बघा की आरशात."

परशरामने आरशात बघितले नाही. त्याने सौरवच्या तोंडावर ठोसा मारला. दोन दात तिथेच पडले. दुसऱ्या ठोशाला जबडा कडकन वाजला. मग त्याने पोराला मानेला धरून उचलले आणि त्याच आरशावर आपटले. आरसा फुटून खाली आला, सौरवच्या कपाळातून रक्ताची धार लागली, तरी परशराम मारतच होता. पाच-सहा जणांनी मिळून त्याला ओढून बाहेर काढले.

सौरव पोलिसांत गेला नाही. रक्ताची गुळणी टाकत एवढेच म्हणाला, "बघून घेतो."

दुसऱ्या दिवशी मालुबाई डायलिसिसहून परतली. हाताला पट्टी, तोंड राखेसारखे. बातमी तिला बसमध्येच कळली होती. उंबऱ्यावर बसकण मारत तिने विचारले, "त्या पोरानं खोटं सांगिटलं काय?"

"तालमीला बोलला त्यो, आक्का!"

"खोटं सांगिटलं काय, तेवढं बोल."

परशरामने आपल्या सोललेल्या मुठीकडे बघितले.

"घाण्याचा बैल डोळं झाकून फिरतोय. लई चालला म्हणून पोचतोय व्हय कुठं? तुझं बी तसंच झालंय." तिला धाप लागली. ती थांबली आणि मग तिचा आवाज चढला. "दुसऱ्याचं दात पाडून माझं रगत साफ हुतंय? मारामारीनं मी जगणार असती तर कवाच बरी झाली असती रं! मला मरायचं न्हाय, परशा. मला भ्या वाटतंय."

आपल्या बहिणीला भीती वाटते, हे परशरामने जन्मात पहिल्यांदा ऐकले. तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि गोठ्यात म्हशीच्या आडोशाला उभा राहून ढसाढसा रडला.

त्या रात्रीपासून दुधाचा तांब्या पालथा पडला. सौरवची माफी मागायला मात्र तो गेला नाही. तेवढे मोठे मन त्याच्याकडे नव्हते, खोटे कशाला सांगा. पण पोराने सांगितलेले शब्दन् शब्द त्याने पाळले. सांबऱ्याहून उद्यमबागेला सायकलने जाऊ लागला. पहिल्याच दिवशी मांड्यांना असे गोळे आले की फौंड्रीचा जिना उतरताना त्याने भिंतीला शिव्या घातल्या. मांड्या सरावल्या तशी सायकल सोडून तो नांगरलेल्या रानातून पळू लागला. ढेकळांत पाय मुरगळला, तर विहिरीत पोहून मेहनत हातांवर आणली. हातही सरावले, तेव्हा मोठा घण घेऊन ट्रकच्या जुन्या टायरवर घाव घालू लागला. प्रत्येक घावाला तो कुणाला ना कुणाला शिवी देई, कधी डॉक्टरला, कधी देवाला, बहुतेक वेळा स्वतःच्या पोटाला. शेजारपाजारच्या बायका पोरांना घरात घेत.

काटा हलला. पुन्हा एकदा अडला, तेव्हा परशराम घण घेऊन नव्या काट्यापुढे उभा राहिला. रूपालीने केरसुणी हातात घेतली. त्याने घण खाली ठेवला आणि दोरी घेऊन चिंचेच्या झाडावर चढायला गेला. नवे कष्ट सापडले की अंग कण्हायचे, आणि अंग कण्हले की काटा उतरायचा.

शरीर उतरले, तसे वजनाबरोबर दुसरेही काही गेले. गाल बसले, दंडाचे कातडे लोंबायला लागले. पूर्वी त्याला बघून रस्ता सोडणारी माणसे आता तशीच उभी राहत. पानपट्टीवर कुणीतरी म्हणाले, "पैलवानाचं वाळवण झालं की!" ते त्याने ऐकले आणि ऐकून न ऐकल्यासारखे केले. ही मेहनत त्याला घणापेक्षा जड गेली.

शेवटी भैरवींनी काट्याकडे बघून मान डोलावली. "जमलं. परवा दाखल व्हा. आणि एक नीट ऐका. तोवर भांडण नाही, पडणं नाही. कमरेत एक लाथ बसली तरी सगळं फिस्कटेल. मारामारी करून पोलिसांत अडकलात तरी तेच. पुढची तारीख आक्कांना मिळेल असं मी सांगू शकत नाही."

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी तो तालमीत मारुतीच्या पाया पडायला गेला. हौद्यातल्या तांबड्या मातीत पोरे लढत होती, कट्ट्यावर म्हातारे बसले होते. नमस्कार करून तो वळतो तो दारात सौरव उभा. संगे तिघे. सौरवचा जबडा थोडा वाकडाच जुळला होता.

"पाठ लावून दाखीव म्हणतोस न्हवं?" सौरव म्हणाला. "आलोय बघ."

"आज नको, सौरव. माझं चुकलं. मला जाऊ दे."

परशरामच्या तोंडून 'चुकलं' ऐकून कट्ट्यावरचे म्हातारे चपापले. सौरवला तो भ्याला असे वाटले. त्याने पहिला ठोसा नाकावर मारला. परशरामचा हात आपोआप उठला, सौरवचे मनगट त्याच्या पंजात आले. वीस वर्षांची सवय. आता फक्त खांदा आत घालायचा की पोरगा कैचीत. मनगटातले हाड त्याला बोटांखाली जाणवले. त्याने पंजा उघडला.

मग चौघांनी त्याला घेतले; परशरामला कधी सोडवायला जावे लागेल, हे तालमीत कुणाला सुचलेच नाही. भुवई फाटली, ओठ फुटला, कानशिलावर बसलेल्या ठोशाने तो हौद्यात गुडघ्यांवर आला. एकाने त्याच्या कमरेवर लाथ उगारली. ती त्याने कोपरावर झेलली. कोपरातून कळ मस्तकात गेली. दुसरी लाथ मागून येत होती. परशरामला एकच गोष्ट दिसत होती: उंबऱ्यावर बसलेली आक्का, आणि तिचे 'मला भ्या वाटतंय.'

तो उलटला. सगळ्या तालमीदेखत, कुणीही न पाडता, त्याने आपली पाठ हौद्यातल्या मातीला लावली. दोन्ही खांदे टेकवले, हात कुशींवर आवळले आणि चेहरा उघडा ठेवला.

हौद्यातली पोरे जागच्या जागी थिजली. कट्ट्यावरचा म्हातारा यल्लाप्पा उठून ओरडला, "परशा! उलट! पाठ लागली रं!"

परशराम उलटला नाही. सौरव त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला. रक्त डोळ्यांत उतरले तेव्हा परशराम म्हणाला, "तोंडावर मार. पायजे तेवढं मार. कुशीत मारू नको. आक्काला किडनी द्यायची हाय."

सौरवची उगारलेली मूठ तशीच राहिली. मग तो उठला आणि मित्रांना ढकलत बाहेर निघून गेला.

मालुबाईने त्याला घराच्या दारात तसा बघितला. रिक्षा बोलावून ती त्याला तशाच मातीनिशी दवाखान्यात घेऊन गेली. भैरवींनी संतापून दोन्ही कुशी दाबून बघितल्या, फोटो काढले, लघवी तपासली. पुन्हा बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "भुवईला टाके पडतील, कोपर सुजलंय. आत काही नाही. दोन्ही किडन्या सुखरूप आहेत. सूज उतरली की चार दिवसांनी करू." मग आयाबाईंना म्हणाल्या, "यांची पाठ तेवढी स्वच्छ करा."

"ऱ्हाऊ दे बाई," मालुबाई म्हणाली. "मी पुसते."

गुंजीला जाईपर्यंत मैदानाहून आल्यावर त्याचे अंग तीच पुसत असे. छातीची माती, गुडघ्यांची, मानेवरची. पाठीवर फडके फिरवायची वेळ कधी आली नव्हती. आता ती खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश पुसत होती. फडके पिळले की बादलीतले पाणी तांबडे होई. परशराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

"कुणी पाडलं?" तिने विचारले.

"कुणी न्हाय."

तिने फडके पुन्हा पाण्यात बुडवले, पिळले आणि म्हणाली, "हात वर कर."

त्याने हात वर केला.