नळी झिजली म्हणे!

माझं सगळं बोलणं आजवर एका धडाक्यात उरकायचं. मी शिकारीची रायफल. आज मात्र जरा सावकाश बोलणार आहे, कारण गेली दोन वर्षं माझ्याबद्दल वाटेल ते बोललं गेलं आणि माझी बाजू कुणी विचारली नाही.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा. नळी यंत्रावर झाली, पण अक्रोडाचा दस्ता एका म्हाताऱ्या कारागिरानं हातानं घासला. तो घासताना सारखा शिंकायचा. मग मी गावोगाव फिरून उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, कायानी शहरातल्या एका दुकानात तीन महिने भिंतीला टेकून उभी राहिले. एका शनिवारी लेहतोवारा गावचा ओइवा केम्पाइनेन आला. चोवीस वर्षांचा, लाकूडतोडीच्या यंत्रावर कामाला, हातांना पाइनच्या राळेचा वास. त्यानं मला खांद्याला लावलं, गाल दस्त्यावर टेकवला आणि दुकानदाराला म्हणाला, "बांधून द्या."

बस. इतकंच. ओइवाचं बोलणं असंच तुटपुंजं. सिल्वीला लग्नाचं विचारतानाही त्यानं यापेक्षा जास्त शब्द खर्चले नसतील.

दर ऑक्टोबरात आम्ही गावच्या शिकारी टोळीबरोबर जंगलात जायचो. घोड्याहून उंच मूस हरीण, त्याची शिंगं फांद्यांतून येताना दिसतात आणि पाय वाजत नाहीत. ओइवा ठरलेल्या जागी बुंध्याला टेकून तासन् तास बसायचा. चाप ओढला की एकदाच. मूस जागच्या जागी खाली यायचं. हंगाम संपला की टोळी सगळ्या गावाला मूसाच्या मांसाचं सूप जेवायला घालायची. ज्यांच्या रानात शिकार केली ते जमीनमालक पुढच्या बाकावर. ओइवा तिथंही गप्प, पण माझं नाव निघालं की कान लाल व्हायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी नेम चुकायला लागला.

पहिल्यांदा त्यानं काडतुसांना नावं ठेवली. दुसऱ्या कंपनीची आणली. मग माझ्यावर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीला नावं ठेवली. नवीन बसवली. तरी गोळी भलतीकडेच. मग उरलं कोण? मीच की!

"नळी झिजलीय," तो टोळीच्या म्होरक्याला, तैस्तोला म्हणाला. "जुनी झाली आता. विकून टाकतो, नवी घेतो."

नळी झिजली म्हणे! अहो, शेहेचाळीस वर्षांत माझ्यातून हजार-बाराशे गोळ्या गेल्या असतील. एवढ्यानं नळी झिजत नसते. मला ठाऊक होतं काय झालंय ते. दस्त्याला गालाचं वजन कळतं. पूर्वी ओइवाचा गाल सपाट बसायचा. आता तो मान वाकडी करून, गाल दस्त्याच्या वरून पलीकडे नेऊन, डावा डोळा दुर्बिणीशी आणायला बघायचा. ते जमत नाही. रायफल उजव्या खांद्याला आणि डोळा डावा, कसं जमणार? मग तो चिडून पुन्हा उजवा डोळा लावायचा आणि अंदाजानं चाप ओढायचा.

सिल्वीच्याही लक्षात आलं होतं. माझं लोखंडी कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीलाच आहे, सगळं ऐकू येतं.

"डोळे दाखवून ये, केव्हाची सांगतेय."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? नळी झिजलीय."

"हो का? आणि परवा कॉफी कपाच्या बाहेर ओतलीस, तेव्हा काय किटलीची नळी झिजली होती?"

ओइवा उठून अंगणात गेला. त्याची भीती मला कळत होती. दुकान बावीस किलोमीटरवर, सिल्वीला गाडी चालवता येत नाही. डॉक्टरनं डोळ्यावर शेरा मारला की गाडीचा परवाना गेला, माझा परवाना गेला, टोळीतली जागा गेली. मग सत्तरीच्या माणसानं बर्फाच्या सहा महिन्यांत करायचं काय?

एकदा मला पुसताना त्यानं डावा डोळा हातानं झाकला आणि खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग हात काढला आणि पुन्हा नळी पुसायला लागला. म्हणजे त्याला माहीत होतं! मला फार राग आला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या मालकावर यावी याचं वाईटही वाटलं.

गेल्या ऑक्टोबरात एक मोठा नर आमच्यासमोर आला. साठ पावलांवर, आडवा उभा. पूर्वीचा ओइवा असता तर प्रश्नच नव्हता. गोळी पोटात लागली. जनावर धावत सुटलं. टोळी कुत्रा घेऊन अंधार पडेपर्यंत माग काढत हिंडली, मग थांबावं लागलं. सकाळी ते दलदलीच्या काठी सापडलं. जिवंत होतं. तैस्तोनं ते संपवलं.

परतताना ओइवा बोलला. "म्हटलं नव्हतं? या बंदुकीत राम राहिला नाही."

आता बोला! शिव्या खाल्ल्याचं मला काही नाही, पण त्या जनावराचं पाप माझ्या माथी मारलं, ते मला फार लागलं.

मला घ्यायला तूलिक्की तयार झाली. ही आरोग्य केंद्रातली परिचारिका, पस्तिशीची, त्याच वर्षी टोळीत आलेली, तोवर उसन्या रायफलीवर भागवत होती. पोलिसांची परवानगी तिनं काढून ठेवलेली. "मला दस्ता आवडला," ती म्हणाली. "नळी बदलून घेईन."

"नळी बदलणार, उद्या दुर्बीण बदलणार," तैस्तो म्हणाला, "मग ओइवाकडून विकत काय घेतेस, पट्टा?"

"आधी चालवून तर बघते!"

नेमबाजीच्या मैदानावर रविवारी सगळी टोळी जमली. सॉसेज भाजायला ठेवलेले, कॉफी उकळत होती. पंचाहत्तर मीटरवर मूसाचं चित्र, त्याच्या छातीवर वीतभर वर्तुळ. तूलिक्कीनं कानांवर झाकणं चढवली आणि गाल टेकवला. सपाट. मी मनात म्हटलं, बाई, तू फक्त हलू नकोस, बाकीचं मी बघते.

चार गोळ्या झाडल्या. तैस्तो चालत गेला, चित्रापाशी वाकला आणि परत येऊन म्हणाला, "चारही आत. माझ्या तळहाताखाली झाकल्या."

कुणीतरी हसलं. "ओइवा, अशी झिजलेली नळी मला पण आण रे एखादी!"

ओइवाचे कान लाल झाले. तूलिक्कीला ते दिसलं असावं. ती चटकन म्हणाली, "जवळून ठीक आहे. लांबून बिघडत असेल. नाही का?"

पोरीनं त्याच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. गाडी राहिली असती, टोळी राहिली असती, नवी रायफल आली असती आणि पुढच्या ऑक्टोबरात आणखी एक मूस पोटात गोळी घेऊन दलदलीत पडलं असतं. माझं नाव तर कायमचंच गेलं असतं. त्या क्षणी मला वाचा असती ना, तर मी ओरडले असते.

ओइवानं कप खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "तिला काही झालेलं नाही. मला उजव्या डोळ्यानं मधलं दिसत नाही. दोन वर्षं झाली. ते जनावर माझ्यामुळे तडफडलं."

एका दमात इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"गाढवा," तैस्तो म्हणाला. "दोन वर्षं?" आणि त्यानं ओइवाचा कप पुन्हा भरला.

"उद्या सकाळी आठला माझ्याकडे ये," तूलिक्की म्हणाली. "नाही आलास तर मी घरी येईन आणि सिल्वीला सोबत घेऊन तुला उचलून नेईन."

तो गेला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा मागचा पडदा खराब झालाय, तो सुधारणार नाही. डावा चांगला आहे, गाडी चालवायला हरकत नाही. शिकारही करा, पण डाव्या खांद्यावरून.

आठवडाभर ओइवानं मला अंगणात डाव्या खांद्याला लावून बघितलं, काडतुसं न भरता. काडतूस आत सरकवायची माझी खिट्टी उजवीकडे. ती ओढायला त्याला हात माझ्यावरून पलीकडे न्यावा लागायचा आणि तेवढ्यात दस्ता निसटायचा. तो पुन्हा लावायचा, पुन्हा निसटायचा. मी माझ्याकडून पुष्कळ प्रयत्न केला.

"राहू दे की कपाटात," सिल्वी म्हणाली. "काय खायला मागतेय का?"

मला विचाराल तर मी राहिले असते. खुशाल धूळ खात राहिले असते. पण ओइवानं मान हलवली. "चांगली रायफल आहे. कुणीतरी चालवायला हवी."

विक्रीच्या कागदावर दोष लिहायला एक ओळ असते. तिथं त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं, "काही नाही." मग मला तूलिक्कीच्या हातात दिलं आणि खिशात हात घालून तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.

आता मी तूलिक्कीकडे आहे. बरी आहे. ती फार बडबडते, सवय होईल.

ओइवाच्या कपाटात डावखुरी नवी रायफल आलीय असं ऐकलं. तिला एवढंच सांगणं आहे. बाई गं, त्याचा डावा खांदा नवखा आहे. पहिल्या काही गोळ्या इकडे-तिकडे जातील आणि बोलणी तुला बसतील. ऐकून घे. खरं बोलायला त्याला वेळ लागतो, पण तो बोलतो.