सैल पकडीचा उजेड

सरांनी तिचं नाव पहिल्याच दिवशी बदलून टाकलं होतं. चमकणाऱ्या जिवाणूंच्या प्रयोगशाळेत आलेल्या या मुलीनं काजव्यांबद्दल प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून ती सगळ्यांची ‘काजवा’ झाली. काजव्यांचा आणि इथल्या उजेडाचा काडीचा संबंध नाही, पण सरांना सांगणार कोण!

आता सर दवाखान्यातल्या खाटेवर होते, आणि फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. या माणसानं सगळी हयात एका रेणूपायी घालवली. फ्लेविन त्याचं नाव. जिवाणूच्या पोटात तो ऊर्जेनं भरतो. प्रथिनानं घट्ट धरून ठेवला तर उजेड देतो. मोकळा सुटला तर धक्के खात खात ती ऊर्जा भोवतालच्या पाण्यात उष्णता म्हणून घालवून बसतो. प्रथिनाची पकड सैल केली की उजेड घटलाच पाहिजे, असं सरांचं म्हणणं. लोक समोर माना डोलवत आणि मागे हसत.

तिनं सैल पकडीचं प्रथिन तयार केलं, निळ्या दिव्याखाली धरून मोजलं, आणि उजेड खरंच घटला. ती तडक दवाखान्यात गेली. “सर, तुमचंच खरं ठरलं.” सर हसले, डोळे मिटले, आणि कित्येक दिवसांनी वाटीभर सूप संपवलं. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, तिचा हात किती तरी वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना चांदीच्या कागदाचा बोळा हाताला लागला आणि तिला आदल्या दिवशीची घाई आठवली. फ्लेविन उजेडात मरतो. म्हणून तिथे प्रत्येक नळी कागदात गुंडाळलेली असायची, आणि मोजताना एकेकच उघडायची. त्या दिवशी मात्र काकूंचा फोन आला होता, “ते विचारताहेत गं, झालं का?” आणि हिनं घाईघाईत शेंगा सोलाव्यात तशा सगळ्या नळ्या सोलल्या. घट्ट पकडीच्या आधी मोजल्या, सैल पकडीच्या शेवटी. तोवर त्या बिचाऱ्या ट्यूबलाइटखाली उघड्या पडलेल्या. तिनं सगळं पुन्हा केलं, नीट झाकून. फरक नाहीसा झाला.

काकूंनी तिला दवाखान्याच्या जिन्यातच गाठलं. तिनं फसलेल्या मोजणीचं सांगितलं, ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नको सांगूस. समाधानानं जाऊ देत. तुझं काय बिघडतं त्यात?”

तिला ते पटतही होतं. पण आत जाताच सरांनी विचारलं, “शोधनिबंध लिहायला घेतलास ना?” आणि ज्यानं मोजायला शिकवलं त्याच्यासमोर थाप मारायला तिची जीभ वळेना. तिनं सगळं सांगितलं.

सर म्हणाले, “सगळ्या एकदम सोलल्यास? गाढव आहेस.” आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “आता जा तू.”

त्याच आठवड्यात सर गेले. ती त्यांच्या घराच्या दारापर्यंत गेली, पण आत पाऊल टाकायचा धीर होईना. काकूंनीच हाताला धरून आत नेलं आणि समोर बसवलं.

“फार राग आला होता तुझा,” काकू म्हणाल्या. “पण खरं सांगू? ती आनंदाची बातमी ऐकली, सूप संपवलं, आणि मग हे नुसते पडून राहिले. आता काय उरलंय, असं तोंड. तू सगळं सांगून गेलीस, आणि दुसऱ्या सकाळी म्हणतात, मला उठून बसव. दोन दिवस माझं डोकं खाल्लं. पकड सैल करूनही ऊर्जा पाण्यात जात नाही, मग तिला अडवतंय कोण? मला काय कळतंय त्यातलं! पण माझा नवरा दोन दिवस मला परत मिळाला.”

तिला रडू आवरेना. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला.

“सापडलं का, कोण अडवतंय ते?”

“नाही अजून, काकू.”

“मग इथे काय बसलीस? जा, कामाला लाग.” ती दारापाशी पोचली तेव्हा काकू मागून म्हणाल्या, “आणि सापडलं की मला येऊन सांग. कळणार नाही मला काही. तरी सांग.”