हरेश्वरच्या नळीतली मुडदुशी

सगुणा रडत नव्हती, याचंच अख्ख्या वॉर्डला नवल. नवरा होडीत कोसळला, अर्धांगवायूने वाचा गेली, गिळणं गेलं, आणि ही बाई एकवीस दिवस बोरिवलीच्या इस्पितळात खाटेशी बसलेली, डोळे कोरडे ठक्क. रडायचं तर आतून काही यायला हवं ना! सकाळी मनोरीहून फेरीबोटीने निघायचं, संध्याकाळी परत जायचं, एवढंच तिला कळत होतं.

हरेश्वरच्या नाकातून पोटापर्यंत नळी होती. डॉक्टर अनुपमा अशा आठ अत्यवस्थ माणसांवर अभ्यास करत होती. दूध, अंडं, केळं फेटून मोजून नळीतून द्यायचं, दर सोमवारी रक्त तपासायचं, दंडाचा घेर मोजायचा आणि वहीत मांडायचं. प्रत्येकाचं एक पान. दुसरं काही म्हणजे काही घालायचं नाही, असं तिने बजावलं होतं.

आता कोळणीला सांगा, नवऱ्याला मासळीवाचून ठेव! अहो, मनोरीत बाळंतीण असो की तापाने पडलेला, मुडदुशीच्या पाण्यावर माणूस उठतो. सगुणा रोज बिनमिरचीची मुडदुशी उकळायची, ते पाणी दोनदा फडक्यातून गाळायची आणि सिस्टरची पाठ वळली की सिरिंजने नळीत सोडायची. चोरी केली असं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

तिसऱ्या सोमवारी अनुपमाने हरेश्वरच्या दंडाला टेप लावली आणि चक्क हसली.

"मावशी, आठांत एकट्या हरेश्वरचाच दंड भरलाय. दूध लागू पडतंय! आता शेजारच्या धाकूंचं दूध दुप्पट करते."

धाकू त्या दुधाने रोज ओकत होता. त्याची बायको कमळ त्याचं तोंड पुसून पुसून थकली होती. सगुणाने तिच्याकडे पाहिलं. गप्प बसलं तर हरेश्वरचं पान राहणार होतं, डॉक्टरीण रोज खाटेशी थांबणार होती. सगुणा काही नवऱ्याचं नाव घेत नसे. एकवीस दिवसांत त्याला नावाने हाक मारणारी ती डॉक्टरीण एकटीच.

"दूध नाय, बाय," सगुणा म्हणाली. "मुडदुशीचं पाणी. मीच घालते, रोज."

अनुपमा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाटेच्या कडेला टेकली.

"काय केलंत हे, मावशी! नळी तुंबली असती म्हणजे?" मग तिने वही उघडली. "धाकूंचं दूध वाढवत नाही. पण यांना आता अभ्यासात धरता येणार नाही."

तिने पट्टी ठेवली आणि हरेश्वरच्या नावावर लाल रेघ ओढली.

सगुणाला वाचता येत नव्हतं. पण आपला माणूस कुठल्या पानावर आहे, ते तिला रोज बघून ठाऊक होतं.

"खोडू नको गं बाय," ती म्हणाली, आणि एकवीस दिवसांचं रडं एकदम फुटलं. "जिता हाय अजून तो!"