छबूबाईचा अशक्तपणा

क्रेटमध्ये पेरू भरता भरता छबूबाईला पुन्हा धाप लागली. दोन वर्षं हेच चाललं होतं. "अशक्तपना हाय," म्हणून नवऱ्यानं, कारभारीनं, गोड टॉनिक आणून ठेवलं होतं, लेक ते रोज पाजत होती, अन् ही भोळी बाई, मालक किती जपतात म्हणून शेजारणींत मिरवत होती! आज मात्र पाय चपलेत मावेनात. दुपारी लेकीला, धनश्रीला, बघायला पाहुणे येणार होते. त्याआधी औषध आणावं म्हणून ती एकटीच राहाता गावातल्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी छातीवर मशीन फिरवून पाहिलं. "मावशी, शुगरनं तुमचं हृदय कडक झालंय. रक्त ढकलतंय बरोबर, पण नीट सैल पडत नाही, म्हणून रक्त पुरतं भरत नाही. त्यानंच दम लागतो. गोळ्या का सोडल्या?"

"कसल्या गोळ्या?"

"दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या. तुम्ही बाहेर बसला होतात, मालकांना सगळं समजावलं होतं मी."

छबूबाई गोळ्यांची नवी चिठ्ठी घेऊन उठली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला धरलं. कारभारी आधी उडवाउडवी करत होता, मग म्हणाला, "धनश्रीचं जमंस्तवर दम काढायचा हुता. आईला शुगर हाय म्हनल्यावर पोरगी कोन करतंय?"

"मला तरी सांगायचं!"

"तुज्या पोटात काय ऱ्हातंय व्हय?"

तिनं लेकीकडं पाहिलं. "तुला ठाव हुतं?"

धनश्रीनं मान खाली घातली. छबूबाईला भडभडून आलं. नवऱ्याचं एक वेळ सोसलं असतं; पण पोटच्या पोरीनं जाणूनबुजून रोज ते गोड टॉनिक पाजावं? लग्नापायी जित्या आईचा जीव टांगणीला लावणारी ही कसली आपली रीत!

पाहुणे आले, चहा आला. छबूबाईनं कप परत दिला. "मला बिनसाखरेचा आन. मला शुगर हाय, दोन वर्सं झाली. हितं समद्यास्नी ठाव हुतं, मी सोडून."

पाहुण्यांनी चहा संपवला आणि "कळवतो" म्हणून उठले.

"पोरीचं वाटोळं केलंस!" कारभारी कडाडला.

"आन माजं केलं त्ये?"

धनश्री रडत पायाशी बसली. "चुकलं गं आई."

छबूबाईनं तिला जवळ घेतलं नाही. "उद्या माज्यासंगं दवाखान्यात चल. तुजं बी रगात तपासू. आन रिपोर्ट तू सोता हातात घ्यायचा. बापाच्या न्हाई, उद्या नवऱ्याच्या बी न्हाई."