आत कोण होतं

चौकशी समितीच्या कचेरीत ताई लघुलेखिका होती. युद्ध संपून वर्ष झालं होतं. छावणीतल्या एका खोलीत तीन कैदी हालहाल होऊन मेले, त्याची ही चौकशी. अकरा शिपायांच्या जबान्या तिने उतरवून घेतल्या. अकराही जण म्हणाले, "मी दारात उभा होतो. आत दुसराच कुणीतरी होता."

एका प्राध्यापकांनीही साक्ष दिली. "तशा जागी, तशा वेळी कुठलाही सरळमार्गी मुलगा हेच करतो," ते म्हणाले. तेही तिने उतरवलं.

मग समिती ती खोली बघायला गेली. भर दुपार होती. ताई वही घेऊन आत शिरली आणि वळून बघते तर अध्यक्ष, कारकून, पहारेकरी सगळे उंबऱ्याशीच थबकलेले. दोघे पुढे, बाकीचे त्यांच्या खांद्यावरून डोकावत. त्या दारात दोघांच्या वर माणूस मावतच नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या मनात आलं, आता ही माणसं मला काहीतरी करायला सांगतील. त्याहून भयंकर म्हणजे, आपण ते करू असंही वाटून गेलं.

घरी आली तेव्हा धाकटा भाऊ जेवत होता. तोही त्याच छावणीत होता, पण कोठारावर, म्हणून त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"आज ती खोली बघितली," ताई म्हणाली.

त्याचा घास हातातच राहिला. "खिडकी अजून बंदच आहे का गं?"

कोठारावरच्या माणसाला खिडकी कशी ठाऊक, हे तिला विचारावं लागलं नाही.

"कुणी जबरदस्ती केली तुला?"

"नाही. छावणीचे साहेब नुसते हसले. म्हणाले, बघत काय बसलायस? मी आत गेलो." तो ताटाकडे बघत राहिला. "पेपरात आलंय ना ताई, त्या प्राध्यापकांचं? कुणीही हेच केलं असतं म्हणून?"

"सगळ्यांनी केलं?"

त्याने ताट बाजूला सारलं. "गाडीचा ड्रायव्हर होता एक. त्यालाही बोलावलं. 'मला नाही जमायचं' म्हणाला आणि गेला निघून. त्याला कुणी काही केलं नाही, ताई. साधी शिवीसुद्धा दिली नाही. तेच डोक्यातून जात नाही."

दुसऱ्या दिवशी ताईने अध्यक्षांना भावाचं सगळं सांगून काम सोडलं. आठवड्याने भाऊ आपल्या पायांनी साक्षीला गेला. ताई मागच्या बाकावर बसली.

"तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते मला नाही माहीत, साहेब. तिथे मी होतो."

पुढे खटला चालून त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. अकरांपैकी चौघांनी जबानी बदलली, सात जणांनी नाही. छावणीच्या साहेबांना बोलावणंच आलं नाही. आई ताईशी बोलायची थांबली, ती आजतागायत.